माफीचं बटण नसलेला खेळ

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरबसल्या लोकांच्या तक्रारी लिहिते आणि त्याचा मला पगार मिळतो. आमच्या गल्लीतल्या बायकांना याचा हेवा वाटतो, कारण हेच काम त्या जन्मभर फुकट करत आल्या आहेत.

कंपनी कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ बनवते आहे. खेळणारा एका रेल्वे कंपनीचा मालक असतो. त्याने रूळ टाकायचे, इंजिनं विकत घ्यायची, कोळसा, धान्य आणि माणसं इकडून तिकडे न्यायची. इथपर्यंत सगळं सोपं आहे. पण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक आडवी पट्टी असते, तिचं नाव ‘पत’. गाड्या वेळेवर धावल्या की पट्टी हिरवी होत जाते. भाडं वाढवलं, कुणाची आमराई तोडून रूळ टाकला, गाडी रखडली, की पिवळी पडते. अपघात झाला तर लालभडक. पत लाल झाली की गावं तुम्हाला दारात उभं करत नाहीत. नवं स्टेशन बांधू देत नाहीत आणि प्रवासी बैलगाडीने जातात, पण तुमच्या डब्यात बसत नाहीत. ही पट्टी बोलकी करायची, हे माझं काम. प्रवाशांची पत्रं, गावसभेचे ठराव, वर्तमानपत्राचे मथळे, फलाटावरची कुजबुज, सगळं मी लिहिते, मराठीत आणि हिंदीत.

काशीत, दुर्गाघाटावर जन्मलेल्या माणसाला कुजबुजीची तालीम लागत नाही. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरात मिरचीची फोडणी पडली की आम्ही शिंकतो. कोणाच्या घरी कोण आलं, कितीला आलं, तोंड पाडून गेलं की हसत गेलं, हे पानवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे नाराज जनता कशी बोलते हे मला शिकावं लागलं नाही. नाराज जनता राजी कशी होते, ते मात्र मला कधी कळलेलं नव्हतं. खेळात त्याचे तीन उपाय ठेवले होते: जाहिरात करा, झाडं लावा, नाहीतर सणाच्या दिवशी फुकट प्रवास द्या. तिन्ही बटणं दाबली की पट्टी पुन्हा हिरवी. मला ते काम चालवून घेण्यासारखं वाटलं आणि मी ते चालवून घेतलं.

मग माझ्या बाबांची पत लाल झाली.

बाबा तीर्थपुरोहित आहेत. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांचं श्राद्ध, तर्पण, गंगापूजन करायचं, त्यांना आमच्या घरी उतरवून घ्यायचं, आईच्या हातचं जेवू घालायचं आणि गाडीत बसवून द्यायचं, हा आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. बाबांचा त्यातला मोठेपणा म्हणजे पाठांतर. मंत्र तर सगळ्यांनाच पाठ असतात. बाबांना यजमानांची घराणी पाठ होती. गोत्र, आजा, पणजा, आजी, मामा, आत्या, कोण कोणाआधी गेलं, सगळं. दहा वर्षांनी आलेला माणूस दारात उभा राहिला की बाबा त्याच्या पणज्याचं नाव घ्यायचे आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुसरे गुरुजी यजमानाकडून नावं विचारून घेतात. बाबांनी कधी विचारलं नाही. विचारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात कराडकडचं एक घराणं आलं. तरुण मुलगा, म्हणजे तसा चाळिशीचा, त्याची आई आणि बायको. मुलाच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि धाकटे काका नुकतेच गेले होते. पंचगंगा घाटावर सगळी मांडामांड झाली. मुलाने फोनवर लिहून आणलेली नावं पुढे केली. बाबांनी हातानेच नको म्हटलं.

“तुमचं घराणं मला पाठ आहे. फोन ठेवा आणि माझ्यामागे म्हणा.”

मी त्या दिवशी वर पायऱ्यांवर फुलांची टोपली सांभाळत बसले होते, कारण आईला घरी स्वयंपाक होता. बाबा नाव घेत होते, मुलगा मागे म्हणत होता, ओंजळीतून तीळ घातलेलं पाणी सोडत होता, दर्भावर पिंड ठेवत होता. वडील झाले, आजोबा झाले, मग काकांची पाळी आली. बाबांनी थोरल्या काकांचं नाव घेतलं. मुलाने इमानेइतबारे मागे म्हटलं, पाणी सोडलं आणि पिंड ठेवला. त्या संस्कृतच्या ओघात काय म्हणतोय हे त्याला उमगायच्या आतच वरच्या पायरीवरून त्याची आई ओरडली.

“अहो, भाऊजी आहेत! भाऊजी आहेत अजून! घरी आहेत!”

एका होडीवाल्याने वल्हं थांबवलं. बाबा त्या पिंडाकडे बघत राहिले. धाकटे काका गेले होते. बाबांनी मनात थोरल्यांना घालवलं होतं. ते मागच्या खेपेला आले होते तेव्हा दम्याने बेजार होते. त्यावरून केव्हातरी बाबांच्या डोक्याने त्यांना परस्पर पलीकडच्या बाजूला लिहून टाकलं होतं, आणि हे बाबांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

बाबांनी क्षमेचे मंत्र म्हटले, विधी पुन्हा नीट केला. पण बाईंचं समाधान होईना. जिवंत माणसाला पाणी म्हणजे केवढा अपशकुन. ती मंडळी घरी आली ती सामान उचलायला. आई दारात खिरीचं पातेलं घेऊन उभी आणि हे लोक तसेच उपाशी तिच्या समोरून गेले. यजमान न जेवता गेला, असं आमच्या घरात माझ्या आठवणीत कधी घडलं नव्हतं. आईने पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच बसली.

दोनच दिवसांत फोनवरच्या नकाशात आमच्या घराच्या नावाखाली एका चांदणीचा अभिप्राय आला: ‘काशीला जाल तर यांच्याकडे जाऊ नका. जिवंत माणसाचं पिंडदान केलं.’ खाली रागाचे चेहरे. मग ते त्यांच्या गावच्या ग्रुपवर गेलं, तिथून शेजारच्या गावांच्या. येणार म्हणालेले दोन यजमान ‘काही अडचणीमुळे’ येईनासे झाले. घाटावर तर विचारायलाच नको. बनारसी माणूस संधी सोडत नाही. बाबा दुसऱ्या दिवशी उतरले तर होडीवाले हाक मारून विचारायला लागले, “का गुरू, जियतै के पिंडा पार देहला?” जिवंतपणीच निपटवलंस का रे, असा त्याचा अर्थ. त्यात द्वेष नव्हता, गंमतच होती. पण बाबा अर्ध्या पायऱ्यांवरून परत आले आणि पुन्हा घाटावर गेले नाहीत.

गुडघे दुखतात म्हणाले. उरलेसुरले यजमान गल्लीतल्या दुसऱ्या गुरुजींकडे पाठवून द्यायला लागले. आईला आणि मला माहीत होतं की दुखणं गुडघ्याचं नाही. लोकांना तोंड दाखवायची लाज तर होतीच, पण तिच्या खाली एक मोठी भीती होती. पाठांतर गेलं असेल तर? आज एक काका गेले, उद्या मंत्र जातील, परवा घरच्यांची नावं. एकदा मी जिना चढताना ऐकलं, बाबा खोलीत एकटेच कुठल्याशा घराण्याची नावं म्हणत होते आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. मला रडू आलं आणि त्या एका चांदणीवाल्याचा असा काही राग आला, की त्या दिवशी मी खेळातल्या सगळ्या प्रवाशांना कजाग करून ठेवलं.

बाबा माझ्या खोलीत येऊन बसायला लागले, कारण तिथून नदी दिसत नाही. मी काम करत असायची, ते मागे खुर्चीत. त्यांचं तसं गप्प बसणं मला सहन होईना. एका दुपारी मी माउस त्यांच्या हातात दिला.

“बाबा, तुम्ही खेळून बघा. पुण्याला असा माणूस पाहिजे ज्याने आयुष्यात कधी हा खेळ खेळला नाही.”

“मला काय कळतंय त्यातलं? फालतूचा टाइम जाईल.”

“तुमच्याकडे टाइमच टाइम आहे,” आई खालून ओरडली. आमच्या घरात भिंती नावापुरत्याच आहेत.

बाबा खेळले. आणि काय खेळले! मुहूर्त टळू द्यायचा नाही या जन्मभराच्या सवयीने त्यांनी रेल्वे चालवली. गाडी दोन मिनिटं उशिरा निघाली तरी ते अस्वस्थ व्हायचे. भाडं वाढवलं नाही, कुणाचं झाड तोडलं नाही, देऊळ आडवं आलं तर वळसा घातला. पट्टी हिरवीगार. गावसभा ठराव करून आभार मानत होत्या, आणि ते ठराव मीच लिहिलेले असूनही बाबांनी मोठ्याने वाचले की मला भरून यायचं. “बघ,” ते म्हणायचे, “ही मंडळी खूश आहेत.” आई चहा घेऊन यायची आणि पडद्यात बघत उभी राहायची. बरेच दिवसांनी घरात जरा मोकळा श्वास आला होता.

आणि मग त्यांनी एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या सोडल्या. एक मालगाडी आधीच सोडली होती, ते विसरले. धडक झाली, पडदा लाल झाला, माझे कजाग प्रवासी एकदम बोलायला लागले. बाबांचा चेहरा त्या दिवशी घाटावर झाला होता तसा झाला.

“विसरलो,” ते म्हणाले. “बघ, विसरलो पुन्हा.”

“बाबा, सगळेच विसरतात. हा खेळ लोकांनी विसरावं म्हणूनच बनवलाय. पुण्याच्या ऑफिसात खेळून बघताना रोज दहा टक्करी होतात.”

“आता काय करायचं?”

मी त्यांना तिन्ही बटणं दाखवली. जाहिरात, झाडं, फुकट प्रवास. बाबांनी ती वाचली आणि पुन्हा वाचली. मग त्या गाडीतल्या एका प्रवाशावर बाण नेला. आमच्या खेळात माणसावर बाण नेला की त्याच्या मनातलं दिसतं. ती बाई माहेरी निघाली होती आणि आता परत कधी गाडीत बसणार नव्हती.

“हिला भेटायला कसं जायचं?”

“भेटायला नाही जाता येत. तुम्ही मालक आहात.”

“मग माफी मागायचं बटण कुठे आहे?”

“तसं बटण नाहीये.”

“हिची गाडी मी आपटली आणि मी झाडं लावू?” बाबा चिडले. कित्येक दिवसांत ते चिडले नव्हते, मला बरंच वाटलं. “कुणी लिहिलंय हे?”

मीच लिहिलं होतं, पण ती वेळ ते सांगण्याची नव्हती.

मी पुण्याला विचारलं. तिथला माझा साहेब वयाने मुलगाच आहे, पण हुशार आहे. तो म्हणाला, माफीचं बटण ठेवलं तर खेळणारा प्रत्येक वेळी तेच दाबेल, फुकट आहे म्हणून. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “फुकट कशी असेल? जावं लागतं. समोर उभं राहावं लागतं. समोरचा काय बोलेल ते ऐकून घ्यावं लागतं.” आणि बोलता बोलता थांबले. मग खुर्चीतून उठून खाली गेले. मला वाटलं चहा प्यायला गेले. ते फोन घेऊन वर आले.

बाबा फोन नेहमी स्पीकरवर लावतात, त्यामुळे जे झालं ते मी शब्दन्‌शब्द ऐकलं. त्यांनी कराडला फोन लावला, आणि तोही पुतण्याला नाही, थेट त्या थोरल्या काकांना.

“नमस्कार. काशीहून गुरुजी बोलतोय.”

“अरे वा! बोला गुरुजी. पोरं येऊन गेली म्हणे तुमच्याकडे. सगळं यथासांग झालं ना?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काकांना कोणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनी सगळं त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं, आणि गावच्या ग्रुपवर ते नसावेत. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, नको, बोलू नका, खुशाली विचारा आणि ठेवून द्या. बाबा नुसतं ‘हो’ म्हणून निसटू शकले असते.

“नाही,” बाबा म्हणाले. “माझ्या हातून मोठी गलती झाली. तुमची माफी मागायला फोन केलाय. पितरांना पाणी देताना मी तुमचं नाव घेतलं. पिंडही ठेवला गेला.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बंद केला.

“माझ्या नावाने?”

“हो.”

“पाणी दिलं कोणी?”

“तुमच्या पुतण्याने. मी सांगत गेलो, तो म्हणत गेला. त्याचा काही दोष नाही.”

काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला. बाबांनी पुन्हा लावला, तर लागेना. ते तसेच फोन हातात धरून बसले. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. म्हाताऱ्याला काही झालं तर? दम्याचा माणूस, आणि काशीहून गुरुजी फोन करून सांगतात की तुमचं उरकलंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला. काका ठीक होते, तेवढं ऐकून मी देवाला हात जोडले. पुढे त्याने बाबांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. आम्ही जपून लपवलेलं तुम्ही कशाला उकरून काढलंत, काका कालपासून कोणाशी बोलत नाहीयेत, तुम्हाला काही अक्कल आहे की नाही. बाबा मध्येमध्ये “हो, बरोबर आहे” एवढंच म्हणत होते. फोन ठेवून ते जेवले नाहीत. आई माझ्यावर उखडली. “तुझ्या त्या खेळापायी झालं हे सगळं. चांगले निपचित बसले होते.”

मी पुण्याला लांबलचक लिहिलं. माफीचं बटण ठेवू या म्हटलं, पण असं ठेवू या की ते दाबल्यावर पट्टी आधी आणखी लाल होईल. तो मुलगा म्हणाला, का बरं? मी लिहिलं, कारण ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. त्याने विचारलं, मग हिरवी कधी होईल? ते उत्तर मला खेळासाठी नको होतं, बाबांसाठी हवं होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आई तांदूळ निवडत होती आणि गल्लीतून पानवाल्याची हाक आली. “गुरुजी! आपके यहाँ मेहमान!” मी खाली जाऊन दार उघडलं. पांढरी टोपी, हातात काठी, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला एक म्हातारा माणूस धापा टाकत उभा होता. मैदागिनच्या चौकापासून चालत आला होता, कारण पुढे गाडी येत नाही. त्याच्या मागे बॅग घेऊन तो पुतण्या, स्वतःच्या बुटांकडे बघत उभा.

बाबा जिन्यातच थांबले. तिथूनच हात जोडले.

“बघून घ्या, गुरुजी,” म्हातारबुवा म्हणाले. “पाहिजे तर हात लावून बघा.”

आई पदराआड हसली आणि मग हसता हसता रडायलाच लागली. तिने आधी खीर चुलीवर ठेवली. आमच्याकडे गॅस आहे, पण आई अजून चूलच म्हणते.

जेवताना ते बोलले. “फोन पडला हो माझ्या हातातून. घाबरलो, खोटं कशाला सांगू. मग पडून पडून विचार केला. मला मूलबाळ नाही. बायको गेली. माझ्यामागे माझ्या नावाने पाणी कोण सोडणार, याची मला किती धास्ती होती ते माझं मला माहीत. ह्याला विचारावं असं मनात यायचं. पण धडधाकट पोराला कसं विचारायचं, की बाबा रे, मी मेल्यावर माझं करशील का? जीभ रेटली नाही. आणि तुम्ही सांगता, ह्याने केलं! माझं नाव घेतलं आणि ह्याने हात आखडला नाही.”

“काका, मला तेव्हा कळलंच नाही मी काय म्हणतोय,” पुतण्या म्हणाला.

“कळलं असतं तर दिलं नसतंस?”

“तसं नाही हो.” त्याने घास पानात ठेवला. “मीच करणार होतो. पहिल्यापासून तेच मनात होतं. तुम्ही विचारायचं तरी.”

बाबांना मात्र अशा वेळीही शास्त्र सुचतं. ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “पण मला खरं सांगितलं पाहिजे. जिवंत माणसाला ते पाणी पोचत नाही.”

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर पानावरून उठला असता.

“पोचलं, गुरुजी,” म्हातारबुवा म्हणाले. “फोनवर पोचलं.”

मग ते म्हणाले की आलोच आहे तर माझ्या माणसांना पाणी देऊन जातो. आईवडील, दोन्ही भाऊ, बायको. उद्या सकाळी, पंचगंगेवर, आणि तुम्हीच सांगायचं.

“मी आता घाटावर जात नाही,” बाबा म्हणाले. “दुसरे चांगले गुरुजी आहेत. माझं पाठांतर आता भरवशाचं राहिलं नाही.”

“पाठ नसेल तर विचारा की. सांगायला मी जिवंत आहे.”

बाबा हसले. मोठ्याने, खांदे हलवून. पुतण्याही हसला आणि त्याने आईकडे आणखी खीर मागितली.

सकाळी आम्ही सगळे उतरलो. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत. पुतण्याने काकांचा एक हात धरला होता, बाबांनी दुसरा, आणि कोण कोणाला सांभाळत होतं ते कळत नव्हतं. होडीवाल्यांनी बाबांना पाहिलं, मग शेजारच्या म्हाताऱ्याला पाहिलं. एकाने हाक मारून विचारलंच, “गुरू, ई वही हउवन का?” हाच का तो? बाबा म्हणाले, “वही हउवन.” सगळा घाट खो खो हसला. त्या हसण्याने आता बाबांना काही झालं नाही. त्यांनी आसन घातलं, दर्भ मांडले, तीळ काढले.

आणि मग त्यांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा. “वडिलांचं नाव?” काकांनी सांगितलं, बाबांनी ते मंत्रात ओवलं. “आईचं?” “मोठ्या भावाचं?” “धाकट्याचं?” प्रत्येक नावाआधी थांबून, मान वळवून, नीट ऐकून. काकांना जोर आला होता. दर वेळी नाव सांगून झालं की “गेलेत, गेलेत, म्हणा” असंही पुढे जोडायचे.

शेवटी बाबांनी विचारलं, “पत्नीचं नाव?”

ते नाव बाबांना पाठ होतं. मला खात्री आहे, कारण आदल्या रात्री त्यांनी आईला सांगितलं होतं की या माणसाची बायको माझ्या लक्षात आहे, तिने एकदा आपल्याकडच्या मिठाला नावं ठेवली होती, आणि तिचं नाव घेऊन सांगितलं होतं. तरी ते थांबले, काकांकडे वळले आणि वाट बघत राहिले. काकांनी ओंजळ धरलेली होती. त्यांनी पाण्याकडे बघत नाव सांगितलं, आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, आणखी एकदा सांगितलं.